सातवी आज्ञा, तराजू आणि दुकानाची पावती

दरवर्षी २४ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. १९८६ साली याच तारखेस ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. आपणा ख्रिस्ती भाविकांच्या हे सहसा ध्यानात येत नाही, कारण ती नाताळची पूर्वसंध्या असते. त्या दिवशी पुण्याच्या लष्कर भागात, महात्मा गांधी रस्त्यावर आणि नाना पेठेत आपलीच कुटुंबे पिशव्या घेऊन फिरत असतात. घरी पणत्या, गोठा आणि मध्यरात्रीच्या मिस्साची तयारी चालू असते. हात थोडा सैल सुटतो आणि पावती मागण्याचे भान राहत नाही.

या कायद्यामागे जी चळवळ होती तिचे एक मूळ आपल्याच शहरात आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. तो भाववाढीचा आणि टंचाईचा काळ होता. माल बनविणाऱ्यांच्या संघटना होत्या, व्यापाऱ्यांच्या होत्या, कामगारांच्याही होत्या. विकत घेणारा तेवढा एकटा होता. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचा किराणा एकत्रितपणे घ्यावा, ही तिची साधी परंतु परिणामकारक पद्धत होती. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी ग्राहकांचे चार हक्क मांडले होते : सुरक्षितता, माहिती, निवड आणि म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्क. (त्या पदावर आलेले ते पहिले कॅथलिक, हे जाता जाता.)

बाजारातील प्रामाणिकपणा हा विषय पवित्र शास्त्राला नवा नाही. लेवीयच्या १९ व्या अध्यायात माप, वजन व तराजू खरे असावेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो, असे नीतिसूत्रांत सांगितले आहे. आमोस संदेष्टा तर माप लहान करणाऱ्या आणि धान्याबरोबर भूसही विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर अक्षरशः तुटून पडतो. आपल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने सातव्या आज्ञेचे विवरण करताना व्यापारातील फसवणूक आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढविणे यांचा चोरीतच समावेश केला आहे. खिशात हात घालणे एवढाच चोरीचा अर्थ नव्हे.

असे असूनही आपल्या घरांत एक समजूत खोल रुजलेली आहे. फसवणूक झाली तर ख्रिस्ती माणसाने सोसावे, तक्रार करू नये, दुसरा गाल पुढे करावा, ही ती समजूत. विशेषतः आपल्या माताभगिनी हे फार मनावर घेतात. येथे योहानाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय उघडून पाहावा. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने प्रभू येशूच्या मुखात मारली. प्रभूने त्याला शिवी दिली नाही, हातही उगारला नाही. परंतु माझे बोलणे चूक असेल तर ती चूक दाखव आणि बरोबर असेल तर का मारतोस, असा सरळ जाब विचारला. सूड न घेणे वेगळे आणि अन्याय मुकाट्याने गिळणे वेगळे. संत पौलानेही नागरिक म्हणून असलेला आपला हक्क बजावून कैसरापाशी दाद मागितली होती. शिवाय एकाने सोसलेली फसवणूक तेथेच संपत नाही. तोच दुकानदार उद्या अधिक गरीब गिऱ्हाइकाला तोच माल देतो.

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या गृहिणीने हप्त्यावर मिक्सर घेतला आणि दहाव्या दिवशी मोटर जळाली. दुकानदार म्हणतो, कंपनीकडे जा. कंपनी म्हणते, दुकानात जा. भिंतीवर पाटी असतेच : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पुणेरी पाट्यांचे आपण कौतुक करतो, पण या पाटीपुढे कायदा मान तुकवीत नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू पावतीवर नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल किंवा पावती न देणे हीदेखील त्याच सदरात मोडते. म्हणून पावती व हमीपत्र यांना घरात एक ठरलेली जागा असावी. आपल्याकडे ती बहुधा फ्रिजवरच्या टोपलीत जुन्या वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत जातात.

पुढची वाट वाटते तितकी अवघड नाही. प्रथम दुकानदाराला व कंपनीला लेखी कळवावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदविता येते. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे; जुनी माणसे त्याला अजूनही ग्राहक मंच म्हणतात. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. जेथे आपण राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, मग विक्रेता दिल्लीचा का असेना. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मर्यादा आहे.

आता दुकान आपल्या हातातील मोबाईलमध्येच आले आहे. तेथे तराजू दिसत नाही, म्हणून काटा मारणेही दिसत नाही. ‘शेवटच्या दोनच वस्तू शिल्लक’ अशी खोटी घाई, न मागता टोपलीत घातलेला विमा किंवा देणगी, पहिल्या पानावर एक आणि पैसे भरताना दुसरीच किंमत, सुरू करायला एक बोट व बंद करायला दहा पायऱ्या असलेली वर्गणी. या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून असे १३ प्रकार निषिद्ध ठरविले. आधीच खूण केलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती मानू नये, हा नियम तर २०२० पासूनच आहे. घरातील वृद्ध मंडळी या जाळ्यात सहज सापडतात. मुलांना फोन हाताळता येतो आणि आजी-आजोबांना व्यवहार कळतो; दोघांनी एकत्र बसून महिन्याचा बँकेचा तपशील वाचला तर पुष्कळ गोष्टी उघड होतात.

दुरुस्तीचाही विचार व्हावा. बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुनी बाजारपेठ. सुटा भाग मिळाला तर कुशल कारागिराच्या हातून पंखा वा इस्त्री आणखी काही वर्षे चालते; पण तो भागच मिळणार नाही अशी व्यवस्था अनेक उत्पादक करतात. यावर उपाय म्हणून २४ डिसेंबर २०२२ रोजी, पुन्हा ग्राहक दिनीच, दुरुस्तीच्या हक्काचे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. खरेदी ही केवळ आर्थिक नव्हे तर नैतिक कृती आहे, हा पोप बेनेडिक्ट सोळावे यांचा विचार दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पुन्हा मांडला होता. वापरा आणि फेका या संस्कृतीविषयी ते त्यात कळकळीने बोलले आहेत.

अर्थात ग्राहकाच्या हातीही एक तराजू असतोच. समारंभात घालून झालेला पोशाख ‘माप चुकले’ म्हणून परत धाडणे, मोठ्या दुकानात एक शब्द न काढता दारावरच्या भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणे, मिक्सर दुरुस्त करणाऱ्याची मजुरी ‘पाच मिनिटांचे तर काम’ म्हणून कापणे, हेही सातव्या आज्ञेच्या कक्षेबाहेरचे नाही. आपल्या धर्मग्रामांतील अनेक भगिनी नाताळात घरगुती केक व कुलकुले यांच्या मागण्या घेतात. त्यांनीही अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करावी, छोटी का होईना पावती द्यावी, आणि अर्धा किलो म्हणून दिलेला केक डबा व पुठ्ठा वगळून अर्धा किलो भरतो ना, हे एकदा काट्यावर ठेवून पाहावे.