जुन्या ताटल्यांचे रंग आणि बालाघाटची खनिजे

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा महाराष्ट्रातील गोंदियाला लागून आहे. बालाघाट शहराजवळच्या भरवेली खाणीतून मँगनीज निघते आणि मलाजखंडच्या खाणीतून तांबे. मँगनीजचा बहुतांश भाग पोलाद कारखान्यांकडे जातो, तर तांब्याचा मोठा वाटा विजेच्या तारांकडे. मात्र याच धातूंची चिमूटभर ऑक्साइडे कुंचल्यावर चढली, की चिनी मातीच्या ताटलीवर पाने-फुले उमटतात. गेल्या शतकाच्या मध्यावरची हाताने रंगवलेली भांडी जमवणाऱ्यांनी हे नाते जाणून घेणे हिताचे आहे. रंग ताटलीच्या घडणीविषयी बरेच काही सांगतो. ती जेवणासाठी वापरावी की कपाटात ठेवावी, याचा विचारही तेथूनच सुरू होतो.

रंग कुठून येतात?

मँगनीजपासून तपकिरी व जांभळट छटा मिळतात, कोबाल्टपासून निळी, लोहापासून पिवळट ते तांबूस. तांब्याचा रंग भट्टीतील हवेवर अवलंबून असतो. प्राणवायू भरपूर असेल तर हिरवा आणि कमी असेल तर लाल. चित्र झिलईखाली काढले असेल, तर ते काचेसारख्या थराखाली सुरक्षित राहते. झिलईवर काढलेले चित्र पुन्हा कमी तापमानावर भाजतात. अशी ताटली उजेडात तिरकी धरली, की रंगाचा उंचवटा दिसतो आणि बोटालाही लागतो. वर्षानुवर्षांच्या घासण्याने हे रंग झिजतात.

हाताने रंगवलेली की छापील?

भिंगातून पाहिल्यास छापील नक्षीत बहुधा बारीक ठिपक्यांची जाळी आढळते किंवा काठावर नक्षीचा सांधा दिसतो. हाताच्या कामात कुंचल्याचा फटकारा एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ असतो आणि एकाच संचातील दोन फुले तंतोतंत सारखी नसतात. अमेरिकेतील टेनेसी राज्यात अर्विन येथे असलेल्या सदर्न पॉटरीज या कारखान्याची ‘ब्ल्यू रिज’ भांडी याच गुणामुळे संग्राहकांना प्रिय आहेत. हा कारखाना १९५७ मध्ये बंद पडला. इंग्लंडमध्ये जेसी टेट यांनी मिडविंटरसाठी केलेली ‘झांबेझी’ ही पट्ट्यांची नक्षीही हातानेच रंगवली जाई.

ताटलीच्या पाठीवरचा शिक्का काळ ठरवायला मदत करतो. ‘ऑक्युपाइड जपान’ अशी अक्षरे असल्यास वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या ताबाकाळातील असते. अर्थात नकली शिक्केही असतात, म्हणून शिक्का, रंग आणि झीज यांचा मेळ घालूनच निष्कर्ष काढावा. भारतीय भांड्यांवर ग्वाल्हेर पॉटरीज किंवा बंगाल पॉटरीज यांची नावे आढळतात. परदेशी नाव नाही म्हणून अशा कपबश्या भंगारात काढू नयेत. आपल्याकडील उद्योगाच्या इतिहासाचा तो पुरावा आहे.

जेवणासाठी वापरावी का?

खरा प्रश्न शिशाचा आहे. जुन्या झिलईत आणि झिलईवरच्या रंगांत शिसे असू शकते. आंबट पदार्थांमुळे ते अन्नात उतरते. झिलई शिसेयुक्त असेल, तर तांब्याचा हिरवा रंग ही गळती आणखी वाढवतो. म्हणूनच व्हिनेगर घातलेले विंदालू, सोलकढी किंवा चिंचेचे सार यांसाठी अशी भांडी वापरू नयेत आणि त्यांत लोणचे तर मुळीच साठवू नये. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना शिशाचा धोका अधिक असतो. झिलईला बारीक चिरा पडल्या असतील किंवा रंग झिजला असेल, तर भांडे शोभेसाठीच ठेवावे. नुसते पाहून शिसे ओळखता येत नाही. वापरायचेच असेल, तर आधी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

धुताना कोमट पाणी व मऊ कापड पुरे. सोनेरी काठाची भांडी मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नयेत. रचताना दोन ताटल्यांमध्ये कापड घालावे. संच विकायचा झाल्यास शक्यतो एकत्र विकावा. सुटी झालेली भांडी पुन्हा जुळवणे कठीण असते. तो घरात कोणी, कोठून आणि कधी आणला, हेही चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. शिक्क्यावरून कारखाना कळतो. घराची हकिकत मात्र कोणी लिहिली तरच उरते.