डोंगर लाव्ह्याचा, हत्ती गाळातला

वणीतून सप्तशृंगगडाकडे पाहिले की कड्यावरचे आडवे थर डोळ्यांत भरतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा वाहिला; तेच हे थर. एवढ्या जुन्या दगडात जीवाश्म असणारच, असे कुणालाही वाटेल. पण तप्त लाव्हा सजीवांचा मागमूस ठेवत नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जिथे तळी साचली, तिथल्या गाळात जीवाश्म मिळतात. मात्र असे थर नागपूरकडे भरपूर, आपल्या बाजूला दुर्मीळ. या दगडाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, पोकळ्यांतले चमकदार खडे बहुधा झिओलाइट खनिजांचे असतात. कुणी जीवाश्म म्हणून विकू लागला तर घेऊ नका.

जीवाश्म हवा असेल तर पाण्यामागून खाली उतरावे. सप्तशृंगगडाची ही सातमाळा रांग पावसाची वाटणी करते. उत्तरेचे पाणी गिरणेतून तापीला जाते, दक्षिणेचे कादवेतून गोदावरीला. निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला कादवा गोदावरीला मिळते. झिजलेल्या बेसॉल्टचा गाळ नद्यांनी इथे हजारो वर्षे अंथरला. त्यात चुनखडीचे खडे आहेत, आणि हा चुना हाडांना मानवतो. इथल्याच गाळातल्या एका प्रचंड हत्तीविषयी भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिले. हिमयुगांच्या काळातली ही जात आता नामशेष आहे. 'नमाडिकस' हे तिचे नाव नर्मदेवरून पडले. जमिनीवर वावरलेल्या सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्यांत तिची गणना होते.

पुढे इंग्रजी अमदानीत इथे बंधारा झाला आणि त्यामागे नवा गाळ साचला. उथळ पाणी, बेटे, पाणवनस्पती. पक्ष्यांना आणखी काय हवे? हिवाळ्यात थापट्या, चक्रवाक आणि क्रौंच उतरतात, जांभळ्या पाणकोंबड्या तर तिथल्याच. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा; जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झाले.

धरणातला गाळ म्हणजे वाया गेलेली साठवण, हे पाटबंधाऱ्याचे गणित. इथे त्याच गाळावर अभयारण्य उभे आहे. पण संरक्षण मिळाले ते पक्ष्यांमुळे. हत्ती जपणाऱ्या जुन्या गाळाच्या दरडी अभयारण्याच्या हद्दीबाहेरही नदीकाठाने पसरल्या आहेत. त्या वाळूउपशात आणि सपाटीकरणात खचल्या तर पंचनामाही होणार नाही, आणि मला हे जास्त खटकते. पुरानंतर काठ ढासळतो तेव्हाच हाडे उघडी पडतात. जड, दगडासारखे हाड दिसले तर उपटू नये. थरासकट फोटो घ्यावा, जागा टिपून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला कळवावे. थरातून सुटलेल्या हाडाचे वय सांगणे फार अवघड होऊन बसते.