माडीवरील माशांची काचपेटी

घरी माशांची मोठी काचपेटी ठेवण्याचा शौक अलीकडे शहरांतून बराच वाढला आहे, आणि आमच्या वर्गांतील मुलेही त्याविषयी उत्साहाने बोलताना आम्ही ऐकतो. कोणते मासे एकत्र नांदतात, पाणी किती दिवसांनी बदलावे, ह्याची चर्चा पुष्कळ होते. परंतु पेटी ज्या जमिनीवर उभी करावयाची त्या जमिनीस तिचा भार सोसेल की नाही, हे सहसा कोणी पुसत नाही. माडीच्या जमिनीखाली बहुधा दुसरे कुटुंब राहत असते आणि त्यांची मुले त्याच छताखाली निजतात. म्हणून हा विचार पेटी विकत घेण्यापूर्वी करावयाचा आहे.

प्रथम वजनाचा हिशेब पाहू. ६ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट उंच अशा पेटीचे घनफळ २४ घनफूट होते. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, आणि १ लिटर पाण्याचे वजन १ किलो. तेव्हा काठोकाठ भरल्यास पाणीच ६८० किलो झाले. १२ मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरास ३० किलो भरते. एवढ्या पेटीस ४ चौरस मीटरांहून थोडी अधिक काच लागते, म्हणजे आणखी सुमारे १२० किलो. शिवाय तळची वाळू व खडे, आणि खालची भक्कम घडवंची. सर्व मिळून ९०० किलोंच्या वर, जवळजवळ एक टन वजन होते.

येथे एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल की, खडा पाण्यात हलका होतो, तर त्याचे पुरे वजन का धरावे? खडा हातास हलका लागतो, जमिनीस नव्हे. त्याचे जे वजन कमी भासते ते पाणी पत्करते, आणि पाण्याचा भार शेवटी जमिनीवरच येतो. खड्यांनी जेवढी जागा अडविली तेवढे पाणी कमी मावेल, एवढीच काय ती सूट.

आता जमिनीकडे वळू. आयएस ८७५ ह्या भारतीय मानकाच्या १९८७ सालच्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरास २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, इतका वापराचा भार धरण्यास सांगितले आहे. सर्व खोलीत २० सेंटीमीटर पाणी साचले तर त्याचा जो भार होईल, तेवढाच हा. आमची पेटी आपल्या बुडाखालच्या जागेवर ह्याच्या चौपट भार टाकते. तथापि तेवढ्यावरून ती ठेवूच नये असा निर्णय करणे उतावीळपणाचे होईल. ३ मीटर रुंद व ४ मीटर लांब अशा खोलीस ह्या मापाने एकंदर २४०० किलो भार धरलेला असतो. पण तो सर्वत्र पसरलेला असेल असे मानून. पेटीचा भार मात्र एका ठिकाणी गोळा झालेला असतो. म्हणून ती कोठे ठेवावयाची, ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

मुलांनी एक लांब फळी दोन विटांवर ठेवून मध्यभागी व मग विटेजवळ हाताने दाबून पाहावी. स्लॅबचेही असेच आहे. दोन टोकांस टेकलेल्या ४ मीटरांच्या गाळ्यात तोच भार मध्यावरून काढून टेकूपासून अर्ध्या मीटरावर आणला, तर वाकविण्याचा त्याचा जोर ४४ टक्क्यांवर येतो. गच्चीवरील पाण्याची मोठी टाकी जाणता गवंडी खांबांच्या किंवा तुळयांच्या माथ्यावर का बसवितो, हे ह्यावरून कळेल. पेटीही तशीच तुळईवर अथवा भार वाहणाऱ्या भिंतीलगत असावी. मात्र प्रत्येक भिंत म्हणजे टेकू नव्हे. खोल्या विभागण्यासाठी स्लॅबवर मागाहून उभारलेली चार इंची भिंत स्लॅबला आधार देत नाही. ती स्वतःच स्लॅबवर ओझे असते. बाहेर काढलेल्या सज्जाला तर एकाच बाजूचा आधार असतो. तेथे मोठी पेटी ठेवणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

कित्येक जण म्हणतात, "लग्नकार्यात ह्याच खोलीत तीस माणसे बसली, तेव्हा काही झाले नाही." हे खरे, पण ती माणसे खोलीभर पसरून बसली होती आणि संध्याकाळी आपापल्या घरी गेली. पेटी वर्षानुवर्षे रात्रंदिवस एकाच जागी उभी राहते. लाकूड असो वा काँक्रीट असो, सतत भाराखाली ते हळूहळू अधिकाधिक लवत जाते. जुन्या वाड्यांतील कडीपाटाविषयी आम्हांस विशेष भय वाटते. कड्यांची टोके भिंतीत गाडलेली असतात. तेथे ओल व वाळवी शिरते आणि वरून काहीच दिसत नाही. अशा माडीवर ही सहा फुटी पेटी ठेवू नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो. लहान पेटी ठेवणे असेल तर ती कड्यांना आडवी ठेवावी, जेणेकरून भार अनेक कड्यांत वाटला जाईल.

जोत्यातील मुरमावर बसविलेल्या तळमजल्याच्या फरशीस ही चिंता नाही, मात्र भरणी चांगली दाबलेली असावी. हल्ली पुष्कळ इमारतींत खाली मोटारी उभ्या करण्याची जागा असते. तेथील पहिल्या घराची जमीन ही माडीच समजावी.

जमिनीवर टाच आपटून पाहण्याची रीत पुष्कळांस ठाऊक आहे. शेजारच्या पेल्यातील पाणी थरथरले तर जमीन लवचीक आहे एवढे कळते. न थरथरल्यास ती मजबूत ठरली असे नव्हे. पेटीखाली जाड फळी घातल्याने फरशी फुटण्याचे टळेल, परंतु स्लॅबवरील एकंदर भार कमी होत नाही. त्यापेक्षा खालच्या शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या घरातून छत पाहावे: गिलावा सुटलेला, सळयांच्या रेषेने भेगा, गंजाचे तांबूस डाग ह्यांपैकी काही दिसल्यास बेत सोडावा. काही दिसले नाही तरी सहा फुटी पेटीसाठी बांधकामाचे नकाशे घेऊन स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावाच. त्याची फी पेटीच्या किमतीत धरावी.

त्याने अनुमती दिल्यावरही घडवंची प्रथम पाणसळीने तपासावी व पेटी एका दिवसात भरू नये. तिसरा हिस्सा पाणी घालून एक-दोन दिवस थांबावे आणि पाण्याची रेषा काठाशी समांतर आहे की नाही ते चारही कोपऱ्यांवर मोजावे. पाणी वाढविताना एखादा कोपरा पूर्वीपेक्षा खाली गेलेला दिसला, तर मासे आणण्याची घाई न करता पेटी रिकामी करावी.