शरणपूरचे आफ्रिकी धर्मप्रचारक

अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे तरुण सुमारे दोन वर्षे परमुलखात जोडीजोडीने धर्मप्रचार करतात, हे आज अनेकांना ठाऊक असते. मात्र नाशिकच्या शरणपुरातूनही एकेकाळी तरुण धर्मप्रचारक समुद्रापार गेले होते, याची आठवण खुद्द नाशिककरांनाही क्वचितच असते.

चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1854च्या सुमारास शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली. ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले पुढे येथील आश्रमात आणली गेली आणि अक्षरओळखीबरोबरच सुतारकाम, लोहारकाम शिकली.

यांपैकी विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर 1864मध्ये मोंबासाजवळच्या मिशनकेंद्रात, धर्मप्रचारक योहानेस रेबमान यांच्या मदतीला गेले. परदेश म्हणावा तर ती त्यांच्याच पूर्वजांची भूमी होती, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे.

शरणपूरचाच जेकब वेनराइट आफ्रिकेतील शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या ताफ्यात होता. 1873मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्यांचे हृदय पत्र्याच्या डब्यात ठेवून झाडाखाली पुरण्यात आले. तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि खोडावर लिव्हिंगस्टन यांचे नाव कोरले. पुढे तो पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला.

1875मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी वसलेल्या फ्रेरटाउनची उभारणीही प्राइस यांनीच केली व तिथे नाशिकचे अनेक माजी विद्यार्थी स्थायिक झाले.