घरचा जमाखर्च : लेखांक ७ – हातची शिल्लक

संगणकावरील तक्त्यांत घरखर्चाची खाती कशी मांडावीत, हे या आठवड्यात सविस्तर सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु सेनगाव तालुक्यातील एका वाचकांच्या पत्राने तो विषय तूर्त मागे सारला आहे. ते लिहितात की, मुलाने मोबाइलमध्ये हिशेबाचे ॲप घालून दिले आहे, बँकेकडून येणाऱ्या संदेशांवरून ते खर्चाच्या नोंदी आपोआप करते आणि महिनाअखेर कोणत्या बाबीवर किती गेले याचे आलेखही काढून दाखवते. मग दररोज रात्री वही उघडून बसण्याचे प्रयोजन काय उरले? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचा निकाल लागल्यावाचून तक्त्यांकडे वळण्यात अर्थ नाही.

आपल्या जुन्या हिशेबपद्धतीत दोन निराळी कामे होती, हे नियमित वाचकांच्या ध्यानात असेलच. घडेल तसा व्यवहार तारीखवार टिपायचा तो रोजकीर्दीत, आणि तेथून उचलून ज्याच्या-त्याच्या खात्यावर न्यायचा तो खतावणीत. यांपैकी खतावणी हे केवळ श्रमाचे काम होय. त्यात यंत्राने मनुष्यास केव्हाच मागे टाकले आहे, आणि ते त्याच्याकडे सोपवण्यास माझी यत्किंचितही हरकत नाही. परंतु रोजकीर्द लिहिताना घडलेल्या व्यवहाराचे स्वरूप ठरवावे लागते, आणि ते ठरवणारा माणूस घरातलाच असावा लागतो.

आपल्या जिल्ह्यातील एखाद्या हळद पिकवणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घ्या. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली हळद खणून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारात जाईपर्यंत बहुतेक वर्ष सरते. तेव्हा कोठे हातात रक्कम येते, आणि तीही हमाली, तोलाई वजा जाऊन. बँकेच्या संदेशात दिसतो तो निव्वळ आकडा. माल किती क्विंटल भरला, भाव काय मिळाला, वजावट कशापोटी झाली, हे सारे आडतीवरून मिळालेल्या हिशेबपट्टीवर असते. पाडव्याला साल ठरवताना सालगड्याला दिलेली रोख उचल, किराणा दुकानातील उधारी, बियाण्यासाठी भावकीतून घेतलेली उसनवारी, शेजारी दिलेली ज्वारी, यांची खबर कोणताही संदेश देत नाही. शिवाय ही ॲप्स बहुधा मासिक पगारदाराचे घर डोळ्यांपुढे ठेवून रचलेली असतात. ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदाच येते त्याला ती अकरा महिने तुटीत दाखवतात आणि बाराव्या महिन्यात एकाएकी धनाढ्य ठरवतात. अशा घराचा ताळेबंद पाडव्यापासून पाडव्यापर्यंतच पाहिला पाहिजे.

दोन प्रकारचा पैसा एकाच घरात सांभाळण्याचा प्रसंग या मुलखाला नवा नाही. हिंगोली निजामाच्या राज्यात असताना येथे हाली सिक्का चालत असे, आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात इंग्रजी कलदार. ७ हाली रुपयांस ६ कलदार हा सर्वसाधारण दर. ज्याचा व्यवहार नदीच्या दोन्ही तीरांवर होता, त्याला प्रत्येक रक्कम कोणत्या नाण्यातली हे लिहिणे भागच होते, अन्यथा बेरजेला काही अर्थच उरला नसता. आज खिशातली रोकड आणि मोबाइलवरून वळते होणारे पैसे यांचे मोल एकच असले तरी त्यांच्या शिलका दोन ठिकाणी राहतात; म्हणून रोजकीर्दीत दोघांना दोन स्वतंत्र रकाने असावेत, असा माझा आग्रह आहे.

आता मुख्य मुद्दा. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथांनी एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागून काढली, ही परंपरेने आलेली कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. एक पै म्हणजे जुन्या रुपयाचा १९२वा हिस्सा! कथेतला परमार्थ थोर आहेच, परंतु हिशेबनीसाच्या दृष्टीने पाहता तीत एक व्यावहारिक सत्यही आहे: चूक आहे हे एकनाथांना कळले ते हिशेब जुळेना म्हणून. यंत्राची बेरीज सदैव बरोबर असते, आणि त्यामुळेच दिलेली परंतु न नोंदलेली रक्कम तीत सुखाने दडून राहते. तिला बाहेर काढण्याचा उपाय एकच: आरंभीच्या शिलकेत दिवसाची जमा मिळवावी, खर्च वजा करावा, आणि उरलेला आकडा डब्यातील रोकड प्रत्यक्ष मोजून ताडून पाहावा. तफावत आढळली तर किरकोळ खर्चात ढकलून ती मिटवू नये. ‘फरक’ म्हणून स्वतंत्र लिहावी आणि घरातील सर्वांना विचारावी.

हे विचारणे मला फार मोलाचे वाटते. मोबाइल एकाचा असतो आणि कुलूपबंद असतो. वही मात्र गृहिणीला, वृद्ध आईला, शाळकरी मुलीला सहज उघडता येते आणि तीत लिहिताही येते. बचत गटांच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीने नियमित हिशेबलेखनाला स्थान मिळाले, ते उगीच नव्हे. सर्वांसमक्ष लिहिलेल्या हिशेबानेच परस्परांवरील विश्वास टिकतो. जी स्त्री गटाची नोंदवही चोख ठेवते, तिच्याकडेच घरची रोजकीर्दही असावी, असे मी आवर्जून सुचवीन.

तेव्हा पत्रलेखकांना माझे उत्तर असे: ॲप ठेवा, वहीही ठेवा. नोंद कागदावर व्हावी, शिल्लक रोज हाताने जुळवावी. आठवड्यातून एकदा मुलाने त्या नोंदी यंत्रात भराव्यात आणि खतावणी, वर्गवारी, मागील सालाशी तुलना हे सारे यंत्राकडून करून घ्यावे. वही भिजली तरी यंत्रात प्रत राहील, आणि मोबाइल बिघडला तरी वही हाताशी असेल.

राहिलेला तक्त्यांचा विषय पुढील लेखांकात घेऊ. तोवर प्रत्येकाने निदान आठ दिवसांची रोजकीर्द रोख आणि बँक अशा दोन रकान्यांत लिहून ठेवावी. पुढचा तक्ता त्याच नोंदींवरून उभारावयाचा आहे.