मान वर करून पाहावे असे म्युझियम

पंचवटी एक्स्प्रेसने निघालेला नाशिककर दादरला उतरतो, नाहीतर थेट सीएसएमटी गाठतो. मधले भायखळा खिडकीतून निघून जाते. बहुतेकांची भायखळ्याची ओळख शाळेच्या सहलीत पाहिलेल्या राणीच्या बागेपुरती असते. हत्ती, हरणे, पाणघोडा पाहायच्या घाईत बागेच्या प्रवेशद्वाराजवळची एक देखणी इमारत मात्र मागे राहून जाते. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतले सर्वात जुने म्युझियम. ते २ मे १८७२ रोजी उघडले. लंडनचे जगप्रसिद्ध नॅचरल हिस्टरी म्युझियम उघडले १८८१ साली, म्हणजे वयाने भायखळ्याचे म्युझियम नऊ वर्षांनी मोठे आहे.

या संग्रहालयाचे मूळ निसर्गाच्या अभ्यासातच आहे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने मुंबई इलाख्यातून नाना तऱ्हेच्या वस्तू गोळा झाल्या. त्यातून फोर्टातल्या टाउन बराकीत सरकारी मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. निसर्गेतिहास, भूगर्भशास्त्र, शेती-व्यापारातले पदार्थ, उद्योग आणि कला एवढे सगळे त्याच्या कक्षेत होते. डॉ. जॉर्ज बुइस्ट यांच्याकडे त्याची जबाबदारी होती. पण १८५७ चा उठाव झाला आणि लष्कराला बराकी हव्या झाल्या. संग्रह घाईघाईने हलवला गेला आणि त्यात बराचसा नष्ट झाला. जे उरले ते डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी पुन्हा मांडायला घेतले.

याच सुमारास शहरातल्या लोकांनी पुढाकार घेतला. डिसेंबर १८५८ मध्ये टाउन हॉलमध्ये जाहीर सभा झाली आणि व्हिक्टोरिया राणीच्या नावाने संग्रहालय व बाग उभारण्याचे ठरले. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना, आणि डॉ. भाऊ दाजी यात आघाडीवर होते. व्हिक्टोरियन इमारत म्हटली की ती साहेबाने बांधली असे आपण गृहीत धरतो. इथे शहरातल्या हिंदू, पारशी, यहुदी शेठजींनी वर्गणी घातली होती. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी कोनशिला बसवली. आराखडा विल्यम ट्रेसी यांचा. त्यांच्या निधनानंतर स्कॉट, मॅक्लेलंड आणि कंपनीने काम पुढे नेले.

तो काळ मुंबईत पैशाचा पूर आलेला होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव मिळत होता आणि शेअरबाजार वेडा झाला होता. १८६५ साली यादवी संपली, बाजार कोसळला आणि शेठ-सावकार रातोरात बुडाले. भाऊ दाजींचीही कमाई त्यात गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये नाना वारले. अर्धवट राहिलेले बांधकाम अखेर सरकारने पुरे केले. एकूण खर्च सुमारे चार लाख तीस हजार रुपये. भाऊ दाजींना उद्घाटन पाहायला मिळाले आणि दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, तेही गेले.

आता इमारतीकडे वळू. बाहेरून ती अगदी संयमी आहे. इटलीतल्या पॅलाडिओच्या धाटणीचा समतोल दर्शनी भाग, कमानींची ओळ, उजवे-डावे तोलून धरलेले. फोर्टातल्या गॉथिक इमारती बाहेरूनच दिपवतात. माझे मत विचाराल तर भायखळ्याची रीत जास्त मोहक आहे, कारण ती आपले सगळे वैभव आत राखून ठेवते.

आत पाऊल टाकले की नजर आपोआप वर जाते. मधला दिवाणखाना छतापर्यंत मोकळा आणि चहूबाजूंनी वरच्या मजल्याची गॅलरी. हा सारा डोलारा सडसडीत ओतीव लोखंडी खांबांवर उभा आहे. दगडी खांब असते तर अर्धी जागा त्यांनीच खाल्ली असती. लोखंडामुळे दालन मोकळे राहिले आणि उजेड खालपर्यंत पोहोचू शकला. विजेचे दिवे नसलेल्या काळात कपाटातले दगड, बिया आणि धातू नीट दिसायचे तर याला पर्याय नव्हता. ते दशकच लोखंडाचे होते. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोहोचली, तेव्हा भायखळ्यात हे काम सुरू होते.

एखाद्या खांबापाशी थोडा वेळ उभे राहा. वरच्या टोकाला पानांचा गुच्छ ओतलेला आहे आणि त्यावर सोन्याचा मुलामा आहे. गॅलरीच्या कठड्याची लोखंडी जाळी इतकी नाजूक आहे की धातूचा जडपणा विसरायला होतो. छतावर नक्षीचे पट्टे, पायाखाली इंग्लंडहून आलेल्या मिंटन फरशा. समोर प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे. तो मॅथ्यू नोबल याने घडवला आणि डेव्हिड ससून यांनी भेट दिला. वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या प्रतिकृतींमधून जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे धंदे आणि पेहराव पाहायला मिळतात.

निसर्गप्रेमींनी तर या वास्तूला नमस्कारच करावा. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जण इथे जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्माला आली. त्या आठांत दोन भारतीय डॉक्टर होते, प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सोसायटीच्या सुरुवातीच्या बैठका इथेच भरल्या. पुढे ज्या संस्थेत सलीम अली घडले, तिचा पाळणा या छताखाली हलला आहे.

१ नोव्हेंबर १९७५ रोजी संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळाले. मात्र इमारतीची रया गेलेली होती. गळती आणि ओल यांनी तिला पोखरले होते. २००३ मध्ये मुंबई महापालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी एकत्र येऊन जीर्णोद्धार हाती घेतला. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली कारागिरांनी मुलामा, नक्षी, कोरीव काचा पुन्हा जिवंत केल्या. या कामाला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत दारे पुन्हा उघडली. नाशिकमध्ये जुने वाडे एकेक करून पडताना पाहतो, तेव्हा महापालिका, तज्ज्ञ आणि देणगीदार एकत्र आले की काय होते याचा हा नमुना आपल्या नगरसेवकांनी जाऊन पाहावा असे मनापासून वाटते.

बाहेर पडल्यावर आवारातला काळ्या दगडाचा हत्ती चुकवू नका. घारापुरीला ज्याच्यामुळे एलिफंटा हे नाव पडले तोच हा. १८६४ साली तो विलायतेला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो फुटला आणि त्याचे तुकडे इथे आले. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला.

दादरला उतरून लोकलने भायखळा गाठा आणि पूर्वेला बाहेर पडा. तिथून बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. स्टेशनची जुनी इमारतही पाहून घ्या, तिच्या जीर्णोद्धारालाही २०२२ साली युनेस्कोची दाद मिळाली आहे. संग्रहालय बुधवारी बंद असते. दुरुस्तीसाठीही ते अधूनमधून बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. मुले बरोबर असतील तर आधी म्युझियम आणि मग प्राणी असा क्रम ठेवा. उलटा ठेवलात तर म्युझियम पुन्हा राहून जाईल.