मागे सरकणारी घळ

घळ खालून वर वाढते. ग्वाल्हेरच्या उत्तरेला, मुरैना आणि भिंडकडे, चंबळ, क्वारी, आसन आणि सिंध या नद्यांच्या काठांनी पसरलेले बीहड, म्हणजे घळींचे रान, समजून घ्यायचे तर आधी हे ध्यानात घ्यावे लागते. पाणी शेतातून नदीकडे जाते. त्याने पाडलेले खिंडार मात्र नदीकडून शेताकडे येते. नांगरणारा माणूस बांधावर उभा असतो आणि त्याच्या पायाखालची जमीन पलीकडून पोखरली जात असते.

घळीचे तोंड जवळून पाहिले की सगळा क्रम दिसतो. नद्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेली इथली पोयट्याची माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते आणि भिजली की साखरेसारखी विरघळते. उन्हाळ्यात काठाला समांतर भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसात शेतातले पाणी काठावरून खाली कोसळते आणि पायथ्याशी खळगा पाडते. खळगा आत शिरत जातो, वरचा भाग छज्ज्यासारखा लोंबकळतो आणि एके दिवशी भेगेपाशीच तुटून खाली बसतो. पुढचा पाऊस तो ढिगारा वाहून नेतो. पायथा मोकळा झाला की हेच पुन्हा, पण आता एक हात मागे.

याहून फसवी असते ती आतून होणारी धूप. उंदरांची बिळे, कुजलेली मुळे, उन्हाळ्यातल्या भेगा यांतून पाणी मातीच्या पोटात उतरते आणि कंकराच्या, म्हणजे चुनखडीच्या गुठळ्यांच्या, कठीण थरावर अडून आडवे वाहू लागते. वर पीक उभे असते आणि खाली नळी तयार होत असते. घळीच्या भिंतीतून पावसानंतर गढूळ पाणी झिरपताना दिसले, तर आत माती वाहते आहे असे समजावे. नळीचे छत बसले की शेताच्या मधोमध विहिरीसारखा खड्डा पडतो.

मराठी शेतकऱ्याला या धुपेच्या पायऱ्या ठाऊक आहेत: आधी सालकाढी, मग ओघळी, मग घळई. ओघळ नांगराने बुजते, घळ बुजत नाही. मृदसंधारणाच्या वर्गवारीत तीन मीटरपर्यंतची घळ लहान, नऊ मीटरपर्यंतची मध्यम आणि त्यापुढची खोल मानतात. चंबळेच्या काठच्या कित्येक घळी या शेवटच्या वर्गातल्या. कारणे एकात एक गुंतलेली आहेत. नदीने आपले पात्र खोल नेल्याने काठच्या पाण्याला उंचावरून पडावे लागते. हा सगळा भूभाग हळूहळू वर उचलला गेला, असेही अनेक भूवैज्ञानिक मानतात. त्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. चराई आणि वृक्षतोड यांनी वेग वाढवला हे खरे, पण बीहडाचा सगळा दोष गुराख्याच्या माथी मारणे सोपे आहे, बरोबर नाही.

घळ थांबवण्याचे काम घळीत सुरू होत नाही. ते वरच्या शेतात सुरू होते, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. काठापासून आत बांध घालून पाणी अडवायचे, साठलेले पाणी एका ठरावीक जागी न्यायचे आणि तिथून चिरेबंदी सांडव्याने तळाला उतरवायचे. नुसता बांध घातला आणि सांडवा ठेवला नाही, तर पाणी बांधच फोडते आणि एरवीपेक्षा जोरात धावते. लहान घळीत दगडांचे नाला बांध घालतात. त्यांचा नियम साधा आहे: खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका पातळीत यावा. बांध मध्यभागी थोडा खोलगट ठेवावा, म्हणजे पाणी मधूनच जाते आणि बगला खात नाही. ते जिथे पडते तिथे दगडांची फरसबंदी करावी. खोल घळी मात्र सोडून द्याव्यात. गुरे बंद करून गवत आणि झाडे वाढू द्यावीत. 1980 च्या दशकात बीहडांवर विमानातून विलायती बाभळीच्या बिया टाकल्या गेल्या. हिरवळ आली, तशी काटेरी झाडोऱ्याची दाटीही आली. यंत्राने उंचवटे पाडून घळ भरणे हा आजचा झटपट मार्ग, पण सैल भरावात पाणी मुरते आणि जुनी वाट पुन्हा शोधून काढते.

मातीचे जे, तेच खडकाचे. ग्वाल्हेरच्या पश्चिमेला सांक नदीवर तिघरा धरण आहे. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांच्या नळाला येणारे पाणी तिथलेच. सुमारे 24 मीटर उंचीचे हे दगडी धरण 19 ऑगस्ट 1917 रोजी फुटले. पायाचा खडक वालुकाश्माचा होता. अशा खडकाच्या थरांमधल्या फटींत पाणी शिरले की ते वरच्या बांधकामाला खालून उचलू पाहते. धरणाचे वजन तेवढेच राहते, पण पायाशी त्याची पकड सुटते. त्या दिवशी पाणी माथ्यावरूनही वाहत होते. भिंतीचे दोन मोठे तुकडे अखंडच्या अखंड पुढे सरकले, म्हणजे धरण तुटण्याऐवजी घसरले. 1929 मध्ये ते पुन्हा उभे राहिले. तेव्हापासून धरणशास्त्रात पायाखालच्या पाण्याच्या दाबाचा हिशेब अधिकाधिक काटेकोर होत गेला. आज मोठ्या धरणांच्या पायात सिमेंटचे द्रावण दाबून फटी बुजवतात आणि त्यामागे निचऱ्याची भोके ठेवतात. पुण्याने 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलेले पाहिले. ते धरण मातीचे, त्याची गोष्ट वेगळी, पण फुटण्याच्या आधी पाणी भलत्याच वाटेने जाऊ लागते, एवढे दोन्हींत समान.

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यावरही वालुकाश्मच आहे. उरवाई दरवाज्याच्या वाटेवर पंधराव्या शतकात कोरलेल्या जैन मूर्ती याच उभ्या कड्यात आहेत. खडकाला पडलेल्या उभ्या सांध्यांत पिंपळाचे मूळ शिरते, त्यामागून पाणी शिरते, आणि सुटलेला धोंडा पावसाळ्यात खाली येतो. पायथ्याच्या वस्तीसाठी उपाय तोच: माथ्यावरचे पाणी कड्याच्या काठापर्यंत पोचू न देणे, मुळे लहान असतानाच काढणे, सुटे धोंडे पावसाआधी पाडणे. मुसळधार पावसात आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस कड्याच्या पायथ्याशी थांबू नये. धोंडा पुष्कळदा पाऊस उघडल्यावर सुटतो.

भूकंपाचे म्हणाल, तर 24 मार्च 2023 रोजी ग्वाल्हेरच्या आग्नेयेस 4.0 तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. किल्लारीच्या भूकंपाचा अनुभव असलेल्यांना तो किरकोळ वाटेल. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर जड छप्पर अशी घरे मात्र दोन्हीकडे आहेत, आणि ती आडव्या पट्ट्यांनी बांधून घेण्याची गरजही दोन्हीकडे सारखीच.

बीहडाच्या काठावर पावसाळ्यात वावरताना काठाला समांतर गेलेली भेग ही हद्द समजतात. तिच्या पलीकडे गुरे बांधू नयेत, गंज रचू नये, ट्रॅक्टर नेऊ नये. भेग दिसली की ती मातीने ठोकून बुजवावी आणि तिच्याकडे येणारे पाणी वरूनच दुसरीकडे वळवावे. हे काम जूनच्या आधीच उरकावे लागते, कारण एकदा माती भिजली की भेगेपर्यंत जाणेच धोक्याचे होते.